ओल्या पुठ्ठ्याचा वास

वाइनच्या परीक्षेला बसायचं ठरलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि वाइनचा एक अख्खा ग्लास मी कधी संपवलेला नव्हता. बाटल्या मात्र रोज डोळ्यांसमोर असत. उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात मी कागदपत्रांचं काम बघायची. परदेशातून आलेली दारू बंदरातून सुटली की ड्युटी भरेपर्यंत आमच्याकडे राहते. कुठला कंटेनर कधी आला, कुठली खोकी कुठल्या रॅकवर गेली, कुठली बाहेर पडली, हे सगळं पंधरा वर्षं माझ्या हाताखालून गेलं होतं. एक खोकंसुद्धा कधी हरवलं नाही. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, गावाला जाताना बंद करायच्या खिडक्यांची. यादी केली की डोकं हलकं होतं.

एका दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, मार्चनंतर तुमच्या एन्ट्र्या सगळ्या स्कॅनरवर जाणार. माणूस लागणार नाही."

"मग मी?"

"तेच सांगतोय. माल मागवणाऱ्या पार्टीला आपल्याकडेच माल तपासून हवाय. बाटली उघडायची, चाखायची, खराब आहे की चांगली ते लिहून द्यायचं. त्याला सर्टिफिकेट लागतं. तुम्ही करत असाल तर फी कंपनी भरेल. नाहीतर बाहेरून कोणीतरी आणू."

बाहेरून कोणी आलं तर माझं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरी येऊन यादी केली. पुस्तक आणणे. रविवार मोकळे ठेवणे. एकसारखे सहा ग्लास. थुंकायला शिकणे.

शेवटची बाब बघून नवरा हसत सुटला. पण या शिक्षणात ते खरोखर शिकावं लागतं. एका सकाळी दहा-बारा वाइन चाखायच्या असतात. गिळत बसलं तर दुपारी कोणी घरी पोहोचणार नाही. मी बेसिनसमोर उभी राहून कोऱ्या चहाने सराव करायची. ओठ आवळून एक सरळ धार निघाली पाहिजे.

"नेम धर, नेम," नवरा दारातून म्हणायचा. "आरशावर जातंय."

"तू जा ना तिकडे. पेपर वाच."

"आणि ऐक, तुझ्या अभ्यासाच्या त्या रिकाम्या बाटल्या खाली तूच नेऊन टाक. वॉचमन हल्ली माझ्याकडे फार प्रेमाने बघतो."

वर्ग बेलापूरला, एका ऑफिसांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. दर रविवारी सकाळी. पांढरे टेबलक्लॉथ, प्रत्येकापुढे पाण्याचा जग, थुंकण्यासाठी एक उंच डबा आणि ग्लासांची ओळ. बाकीचे सगळे तिशीच्या आतले, हॉटेलांत काम करणारे. शिकवणाऱ्या मॅडम नाशिककडच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणायची, त्या मला ताई म्हणायच्या.

त्या रविवारांची आठवण आली की आधी उजेड आठवतो. पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं, ग्लासांतून जायचं आणि पांढऱ्या कापडावर लाल, गव्हाळ, फिकट गुलाबी ठिपके पडायचे. मॅडम बोलत असायच्या आणि ते ठिपके हळूहळू टेबलाच्या कडेकडे सरकत राहायचे. ज्या गावांची नावं मी पंधरा वर्षं नुसती कॉलममध्ये भरली होती, त्या गावांना पहिल्यांदाच टेकड्या फुटल्या. अमुक गाव म्हणजे नदीच्या वळणावरचा दगडी उतार. तिथे सकाळी धुकं बसतं आणि दुपारी उठतं, म्हणून द्राक्षं सावकाश पिकतात. तमुक गाव म्हणजे समुद्राच्या वाऱ्यात खुजी राहिलेली झाडं. सोमवारी उरणच्या रस्त्याने बस कामावर निघाली की खाडीवर, खारफुटीच्या माथ्यावर थोडं धुकं असायचं आणि मला वाटायचं, हीच ती नदी. मिठागरांचे पाण्याचे चौकोन चमकायचे. अर्धवट झोपेत मी कुठल्यातरी उतारावरून चालत असायची. मग जासईचा ट्रॅफिक यायचा आणि कंडक्टर ओरडायचा.

लेखी अभ्यासात मी वर्गात पहिली. चाखण्याच्या सरावातही मार्क चांगले पडत होते. त्यासाठी एक ठरलेला तक्ता असतो. आधी रंग, मग वास, मग चव, शेवटी निष्कर्ष. वासाच्या भागात पहिलाच प्रश्न असतो: वाइन स्वच्छ आहे की नाही? म्हणजे तिला काही दोष लागलेला नाही ना? मग तो वास किती तीव्र, कशाकशाचा, अशा पायऱ्या. मला तक्ता म्हणजे माहेर. मी प्रत्येक द्राक्षाची यादी केली होती. या द्राक्षाला हे वास, त्याला ते. रंग बघायचा, एक घोट घ्यायचा, द्राक्ष कुठलं ते ताडायचं आणि यादी उतरवून काढायची. चेरी मी केकवर सोडून कुठे खाल्ली नव्हती, पण चेरी लिहिताना माझा हात कधी थांबला नाही.

परीक्षेला पाच आठवडे होते तेव्हाची गोष्ट. मॅडमनी एक लाल वाइन ओतली आणि काहीच न सांगता म्हणाल्या, "लिहा. पंधरा मिनिटं."

मी दहा मिनिटांत पेन खाली ठेवलं. आजूबाजूला बघितलं तर सगळे एकमेकांकडे बघत होते. कोणीतरी नाक मुरडलं.

"ताई, तुमचं वाचा बरं."

मी वाचलं. स्वच्छ. मध्यम तीव्रता. चेरी, आलुबुखार, देवदाराचं लाकूड, शेवटाला किंचित मसाला. मागून खुसखुस.

"हसू नका रे," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, ही बाटली मी मुद्दाम आणली. खराब आहे. बुचातून दोष उतरलाय. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत."

मी पुन्हा ग्लास नाकाशी धरला. डोळे मिटले. काही नाही. पुठ्ठा नाही. आणि खरं सांगायचं तर चेरीही नाही.

"तुम्ही बाटलीबद्दल लिहिलंत," त्या हळूच म्हणाल्या. "ती कशी असायला हवी होती, ते. तुमच्यासमोर काय आहे ते नाही लिहिलंत." मग विचारलं, "काम कुठे करता तुम्ही?"

"गोदामात."

"कसलं गोदाम?"

"दारूचंच. खोकी असतात."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "अच्छा," एवढंच म्हणाल्या, आणि मलाही तेव्हाच कळलं.

कंटेनरला घाम येतो. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. थंड देशातून बंद होऊन निघालेला पत्र्याचा डबा आमच्या दमट हवेत येतो, आत पाणी सुटतं आणि खोकी ओलावतात. बाराही महिने. ती खोकी आमच्या रॅकवर छपरापर्यंत रचलेली असतात आणि त्यांच्या मधोमध माझं टेबल. तो वास मला येत नव्हता, कारण माझ्यासाठी ती नुसती हवा होती. बाटली तपासणाऱ्या माणसाने जो एक दोष सगळ्यात आधी पकडायचा, नेमका तोच मला कळत नव्हता.

"परीक्षेत एक वेळ निभेल," जाताना मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत बहुतेक चांगल्याच बाटल्या देतात. पण तुमच्या त्या कामात नाही निभणार, ताई."

त्या संध्याकाळी मी मासळी आणायला बोनकोड्याला गेले. आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगींच्या पोटात ते जुनं गाव आहे, तिथल्या वळणावर माझी नेहमीची कोळीण बसते. मी तिला मावशी म्हणते. केसांत रोज फूल. कधी अबोलीची वेणी, पण त्यात एक सोनचाफा खोचलेला असणारच. परातीत कोळंबी, मांदेली, थोडे बोंबील. मला एकदम वाटलं, हिला विचारावं.

"मावशी, तुम्हाला मासळीचा वास येतो का हो?"

"काय गो ताय, भांडायला आलीस का घ्यायला?"

"नाही हो, खरंच विचारते. दिवसभर यातच बसता. मग खराब कुठली ते वासावरून कसं कळतं?"

तिने माझ्याकडे जरा नीट बघितलं. "आज काय झालाय तुला?"

मग मी सांगितलं. परीक्षा, वाइन, पुठ्ठा, सगळं. ती इतकी हसली की शेजारची गवारवालीही वळून बघायला लागली.

"ऐकलास का गो? ही दारूची शाला शिकते! आमचा म्हातारा उगाच फुकट गेला. तो तर मास्तर झाला असता."

"मावशी, नोकरीचा प्रश्न आहे माझ्या."

ती हसायची थांबली. "नोकरीचा हाय व्हय." मग परातीतली एक कोळंबी दोन बोटांत उचलली. "हितं बसून काय नाय कलत. हितं माझा नाक झोपलेला असतो. डोल्यानं बघते, बोटानं दाबते. पन संशय आला का उठते." आणि ती खरंच उठली. गुडघ्यावर हात देत चार पावलं पलीकडे, पिंपळाखाली गेली. बाजाराकडे पाठ केली. केसांतला चाफा काढून हुंगला, सावकाश. मग कोळंबी नाकाशी नेली. एकदाच. परत आली.

"ताजी हाय. घेतेस का?"

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आईनं. ती पन अशीच उठायची. मना वाटायचा, कमर दुखते तिची." तिने चाफा पुन्हा खोचला. "आनि दोनदा नाय हुंगायचा. दुसऱ्या टायमाला नाक आपल्याला पायजे ते सांगतो."

कोळंबीच्या पिशवीत तिने दोन चाफे टाकले. मी घरी येऊन नवी यादी केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटले. परीक्षेपर्यंत मला आत बसवू नका, गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसवा, असं सांगितलं. त्यांना वाटलं मी रागावले आहे. शेवटी हो म्हणाले. गेटवर ट्रेलरचा धूर, लाल माती आणि दुपारी भाजून काढणारा पत्रा. पण पुठ्ठा नाही. रॅकवरच्या एका खोक्याचा हातभर तुकडा फाडून मी घरी आणला, जरा ओलसर करून स्टीलच्या डब्यात बंद केला आणि गॅलरीत ठेवला. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, आधी चाफा हुंगायचा, मग डबा उघडायचा. एकदाच. मग वहीत लिहायचं.

वहीत आठ ओळी एकाखाली एक अशा आहेत. काही नाही. काही नाही. पाणी? काही नाही. स्टील. काही नाही. काही नाही. काही नाही.

नवव्या सकाळी मी डबा उघडला आणि तो आला.

तो नाकात आला असं म्हणणं बरोबर होणार नाही, कारण मी त्याच्या आत गेले. मी पाच-सहा वर्षांची होते. आम्ही नुकतेच वाशीला सिडकोच्या खोलीत राहायला आलो होतो. भिंती ओल्या, चुन्याचा वास, आजूबाजूला नुसती मोकळी जमीन आणि संध्याकाळी खाडीवरून येणारा वारा. बाबा कपाट पुढच्या महिन्यात आणणार होते. तो पुढचा महिना फार दिवस आला नाही. भांडी, कपडे, पुस्तकं सगळं खोक्यांतच राहिलं. आईने ती खोकी रचून खोलीत एक खोली केली होती आणि दुपारी मला तिच्यात झोपवायची. खाडीच्या हवेने पुठ्ठा मऊ पडलेला असायचा. बोट दाबलं की खड्डा राहायचा. आई पलीकडे काहीतरी शिवत असायची आणि मशीनचा आवाज पुठ्ठ्यातून गाळून यायचा, खूप लांबून आल्यासारखा. मी बोटाने खड्डे करत करत झोपून जायची.

मी गॅलरीत डबा धरून उभी होते. आतून नवऱ्याने विचारलं, "आलं का काही?"

"हो," मी म्हटलं. वहीत लिहिलं, 'पुठ्ठा.'

त्यानंतर तो रोज यायला लागला. दहाव्या दिवशी, अकराव्या दिवशी. पुढच्या रविवारी मॅडमनी पाच ग्लास ओतले, त्यात एक खराब. मी तो पकडला. पण त्याबरोबर आणखी एक पकडला, तो चांगलाच होता. त्याच्या पुढच्या रविवारी दोन चांगले ग्लास खराब ठरवले.

"आता तुम्हाला सगळीकडे तोच दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "नवीन चष्मा लागला की असंच होतं. घाई करू नका."

परीक्षेला स्वतःचे ग्लास आणायचे होते. आदल्या संध्याकाळी मी सहाच्या सहा ग्लास गरम पाण्याने धुतले, पुसले, कागदात गुंडाळले. यादीवर खूण केली. पेनं दोन, ओळखपत्र, पाण्याची बाटली, ग्लास. सकाळी टॅक्सीत बसले तेव्हा पाम बीच रोडवर ऊन नुकतंच उतरत होतं आणि खाडीत उथळ पाण्यावर फ्लेमिंगोंचा एक लांबट गुलाबी पट्टा होता, वर्गातल्या टेबलक्लॉथवरच्या ठिपक्यासारखा. मी खिडकी उघडी ठेवली. परीक्षा आहे हे मधेच विसरलेच.

लेखी भाग झाला. मग चाखण्याचा. परीक्षा घेणारे गृहस्थ हळूहळू फिरत प्रत्येकाच्या दोन ग्लासांत ओतत गेले, एकात पांढरी, एकात लाल. पांढरी सोपी गेली. या वेळी मी यादीतलं काही लिहिलं नाही. लिंबाची साल, ओला दगड, हिरवं सफरचंद. जेवढं आलं तेवढंच लिहिलं.

मग लाल ग्लास उचलला आणि पुठ्ठा आला.

अगदी स्पष्ट. आधी भीती, आणि भीतीच्या मागोमाग एक गुदगुली, की सापडला! सगळ्या हॉलमध्ये मला एकटीलाच सापडला. बाकीचे खाली माना घालून लिहीत होते. मी तक्त्यावर 'स्वच्छ नाही' हे लिहायला पेन टेकवलं.

आणि मग मावशी आठवली, परातीपासून चार पावलं चाललेली. इथे उठून कुठे जाणार? मी खुर्चीतच मागे सरकले, मान वळवली आणि पिशवीतल्या रुमालात ठेवलेलं चाफ्याचं फूल हुंगलं. मग पुन्हा लाल ग्लासाकडे न जाता, माझ्यापुढच्या तिसऱ्या, रिकाम्या ग्लासात नाक घातलं. त्यात काहीच ओतलेलं नव्हतं.

पुठ्ठा.

सहा ग्लास धुतले, पुसले, कागदात गुंडाळले, आणि ठेवले कशात? गोदामातून आणलेल्या एका छान, मजबूत, बरोबर सहा खणांच्या खोक्यात. उपडे. दमट गॅलरीत. यादीवर खूण करून. पांढरीत आलेला 'ओला दगड'ही बहुधा तिथलाच. मला स्वतःचंच हसू आलं, पण घड्याळ पुढे सरकत होतं.

मी हात वर केला. ते गृहस्थ आले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी कच्च्या कागदावर लिहिलं: ग्लासाला खोक्याचा वास लागला आहे. धुऊन पुन्हा थोडी वाइन मिळेल का? त्यांनी रिकामा ग्लास उचलून हुंगला. भुवया वर गेल्या. मग त्यांनी बाजूच्या टेबलावरून स्वतःचा एक ग्लास आणला, त्यात दोन घोट लाल ओतली आणि गेले.

मी एकदाच हुंगलं. करवंदं आली. डोंगरावरून पानाच्या द्रोणात येतात तशी, उन्हाने गरम झालेली. त्यांच्यामागे जांभूळ, मग दालचिनी. पुठ्ठा नव्हता. मी तक्त्यावर लिहिलं, 'स्वच्छ.' तो शब्द मी त्याआधी शंभरदा तरी लिहिला असेल, पण तो खरा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा माहीत होतं. करवंदाला परीक्षेच्या भाषेत जवळचं काय ते शोधण्यात तीन मिनिटं गेली. शेवटचा रकाना अर्धवट राहिला.

निकाल बऱ्याच आठवड्यांनी आला. लेखीत उत्तम. चाखण्यात काठावर, पण पास. साहेबांनी पेढे मागवले. मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे आता दिवसभर प्यायची आनि पगार पन घ्यायचा? मना पन ने गो." आणि त्या दिवसाच्या मांदेलीत मूठभर जास्त टाकली.

आता माझं टेबल गोदामात नाही. आवारात, गेटच्या केबिनमागे, बदामाच्या झाडाखाली एक पांढरा ओटा बांधून घेतला आहे. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या तिथे आणतात. मी आत जाऊन कधीच हुंगत नाही. तपासण्याआधी तासभर रॅकमध्येही जात नाही. ग्लास कापडी पिशवीत असतात, बशीत एक चाफा. समोर ट्रेलर उभे, लांबवर बंदराच्या क्रेन उन्हात हलक्या हलक्या तरंगल्यासारख्या दिसतात, आणि मी बूच काढते.

बहुतेक बाटल्या चांगल्या निघतात. कधीतरी एखादी खराब येते. बूच काढल्या काढल्या कळतं, आता चुकत नाही. पण त्या बाटलीपाशी मी जरा जास्त वेळ थांबते. मावशी म्हणते तसं दुसऱ्यांदा हुंगायचं नसतं, तरी हुंगते. वाशीची ती खोली अजून येते, मशीनचा आवाजही येतो. फक्त आता तिच्या आधी 'दोष' हा शब्द येतो आणि मग खोली. खोकी ओलावली होती, भिंतींना पाणी होतं, मला त्या वर्षी सारखा खोकला असायचा, हे सगळं आता मला दिसतं. पूर्वी दिसत नव्हतं. पूर्वी तिथे फक्त झोप होती.

मग मी चाफा हुंगते, रकान्यात 'स्वच्छ नाही' लिहिते, बाटली बाजूला ठेवते आणि पुढचीचं बूच काढते.